आठ बर्थचा कप्पा

२०२३ साली दिल्लीच्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून एक धडा काढून टाकला. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा. करोनाच्या काळात मुलांवरचा बोजा कमी करायचा म्हणून जी काटछाट झाली, तिच्यात हा धडा निघाला आणि नव्याने छापलेल्या पुस्तकात तो परत आलाच नाही. उत्क्रांतीचा धडाही त्याच कात्रीत सापडला. त्यामुळे वर्तमानपत्रांतली बरीचशी हळहळ डार्विनच्या वाट्याला गेली. मेंडेलीव्हसाठी त्या मानाने कमी लोकांनी टिपे गाळली. परिषदेचा खुलासा असा, की हा विषय अकरावीत आहेच, मग दहावीत कशाला?

आपल्या राज्य मंडळाचे दहावीचे पुस्तक २०१८ साली नवे झाले. त्यात हा धडा आहे, आणि तोही दुसऱ्याच क्रमांकावर. तेव्हा महाराष्ट्रातल्या पालकांनी लगेच घाबरून जायचे कारण नाही. पण ‘अकरावीत आहेच’ हे वाक्य पूर्णेत बसून वाचले की जरा वेगळे ऐकू येते.

पूर्णा हे जंक्शनचे गाव. मनमाड-परभणीकडून आलेली लाइन इथून नांदेडकडे जाते आणि दुसरी हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे फुटते. निझामाच्या राजवटीपासून गावाचा निम्मा संसार रेल्वेवर चालत आला. इथली मुले दहावीनंतर काय करतात? कोणी आयटीआयला जातो, कोणी कला शाखेला, कोणी वडिलांच्या दुकानात बसतो. काही मुलींची लग्ने ठरतात. अकरावी विज्ञानाची पायरी चढणारे त्यातले थोडे. बाकीच्यांच्या आयुष्यात विज्ञानाचे शेवटचे स्टेशन दहावी. गाडी जिथे संपते तिथेच एखादी गोष्ट दाखवायची राहिली, तर ती राहूनच जाते.

मी काही शिक्षक नव्हे. बी.एस्सी. झाल्यावर बँकेत चिकटलो, तेहतीस वर्षे तिथे काढली, त्यातली चार पूर्णेच्या शाखेत, आणि निवृत्तीनंतर राहायलाही इथेच आलो. मधल्या काळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी एकीतही रसायनशास्त्र नाही. पण शेजारी रेल्वेतले एक टीसी राहतात. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. संध्याकाळी तिचे पाठांतर भिंतीपलीकडून ऐकू येते: हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन... चाल अशी, की चुडावा, लिंबगाव, नांदेड अशी स्टेशने मोजतेय की काय असे वाटावे.

‘‘काय पाठ करायलीस?’’ मी एकदा विचारले.

‘‘पहिली वीस, आजोबा. पण पाठच होईना. आणि सर म्हणले, एकशे अठरा हायत.’’

एकशे अठरा नावे पाठ करण्याची खरे तर काही गरज नाही. रेल्वेचे टाइमटेबल कोणी पाठ करत नाही. ते वाचता यावे लागते. आवर्तसारणीचेही तसेच आहे. तो नावांचा तक्ता नव्हेच. ते अणूच्या आतल्या बांधणीचे चित्र आहे, आणि गंमत अशी की ज्यांनी ते काढले त्यांना अणूला आत काही असते याचाच पत्ता नव्हता.

दिमित्री मेंडेलीव्हने आपली सारणी मांडली १८६९ साली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. अणूला केंद्रक असते हे रूदरफोर्डने सांगितले १९११ साली. म्हणजे घराचा नकाशा आधी आणि घर नंतर! हे जमले कसे, हे बँकेतल्या माणसाला समजायला सोपे जाते. कर्जाच्या अर्जावर माणूस स्वतःबद्दल जे लिहितो त्यावर फारसे विसंबू नये. त्याचा खातेउतारा मागवावा. पैसे कोणत्या तारखेला येतात, किती दिवस टिकतात, कोणाकडे वारंवार जातात, हे पाहिले की माणूस न भेटताही त्याचे घर डोळ्यांपुढे उभे राहते. मेंडेलीव्हच्या हाती त्रेसष्ट मूलद्रव्यांचे असेच उतारे होते: कोणाचे वजन किती, कोण कोणाशी संयोग पावते, आणि किती प्रमाणात. त्याने मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने लावली आणि पाहिले, तर ठरावीक अंतराने तोच स्वभाव पुन्हा येत होता.

त्याच्या थोडे आधी, १८६५ साली, न्यूलँड्स या इंग्रजाला हेच दिसले होते. दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते, जसा सा रे ग म प ध नी नंतर पुन्हा सा येतो. लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने हे वाचून दाखवले तेव्हा एका सभासदाने विचारले, की मूलद्रव्ये अक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलीत का? विद्वानांच्या सभेतली ही टवाळी न्यूलँड्सला वीस-बावीस वर्षे पुरली. मग त्याच देशाने त्याला पदक दिले.

मेंडेलीव्हचे धाडस वेगळे होते. स्वभाव जुळत नसेल तिथे त्याने घर रिकामे ठेवले आणि सांगितले की इथला रहिवासी अजून यायचा आहे. अशा रिकाम्या घरांना त्याने नावे दिली ती चक्क संस्कृत: एक-अॅल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. अॅल्युमिनियमच्या खाली एक घर, म्हणून ‘एक’. १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, तेच एक-अॅल्युमिनियम. शोधणाऱ्याने त्याची घनता मोजली ती ४.७ भरली. मेंडेलीव्हने सेंट पीटर्सबर्गहून कळवले, की ५.९ च्या आसपास असायला हवी, धातू नीट शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली. ५.९ आली. ज्याच्या हातात धातू होता त्याला, ज्याने तो कधी पाहिला नव्हता त्याने दुरुस्त केले. (हे गॅलियम तिसाच्या आतल्या तापमानाला वितळते. पूर्णेच्या मे महिन्यात ते कपाटातल्या डबीत पाणी होऊन बसेल.)

संस्कृतच का, यावर भाषापंडितांचा एक तर्क आहे. सेंट पीटर्सबर्गलाच बॉटलिंक नावाचे संस्कृतज्ञ होते, ज्यांनी पाणिनीची आवृत्ती काढली. त्यांच्याशी मेंडेलीव्हची ओळख होती, आणि आपली वर्णमाला पाहून त्याला ही मांडणी सुचली असावी असे काहींना वाटते. मला हा तर्क आवडतो. पण आवडणे म्हणजे पुरावा नव्हे, आणि आपल्याकडे हा भेद पुसट होत चालला आहे. तरी मुलीला समजावायला मी वर्णमालाच घेतली. क ख ग घ ङ, त्याखाली च छ ज झ ञ, मग ट, त, प. आडव्या ओळीत गेलो तर जीभ तोंडात कुठे टेकते ते कळते. उभ्या रकान्यात उतरलो, ग ज ड द ब, तर सगळ्यांचा आवाज एकाच जातीचा. ‘द’ कुठे बसलाय एवढे सांगितले की तो उच्चारायचा कसा हे निघते. जागा हीच माहिती.

‘‘म्हंजी सोडियमची जागा पाह्यली की झालं?’’

‘‘पाहा बरं.’’

सोडियम तिसऱ्या ओळीत, पहिल्या रकान्यात. ओळीचा आकडा म्हणजे अणूभोवती इलेक्ट्रॉनची कवचे किती. रकाना म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन किती. सोडियमला तीन कवचे, बाहेर एकच इलेक्ट्रॉन: दोन, आठ, एक. क्लोरीन त्याच ओळीत, पण सतराव्या रकान्यात. तेरा ते अठरा या रकान्यांत वरचे दहा सोडून द्यायचे, उरले सात. दोन, आठ, सात. एकाला एक जड झालेला, दुसऱ्याला एक कमी पडलेला. त्यांची सोयरीक म्हणजे आपले मीठ. लोणारच्या सरोवरातून डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी जे खार पूर्वी काढत, त्यांतही हाच सोडियम, कधी क्लोरीनबरोबर, कधी कार्बन-ऑक्सिजनबरोबर. कुठेही जाऊ द्या, तो आपला एक इलेक्ट्रॉन देऊनच बसलेला असतो.

मग तिला मी एक आकडा दाखवला. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. क्लोरीन वजनाने भारी, तरी आकाराने निम्म्याच्या जवळ. कवचे दोघांना तीनच. पण क्लोरीनच्या केंद्रात सतरा प्रोटॉन, सोडियमच्या अकरा. ओढ वाढली की घर आवळते. ओळीत उजवीकडे जावे तसा अणू लहान होतो, रकान्यात खाली उतरावे तसा मोठा. हे पाठ करायचे नाही. दिसले पाहिजे.

इथपर्यंत ठीक चालले होते. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, पहिल्या कवचात दोन मावतेत, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. सूत्रच आहे तसं. मग तिसरी ओळ आठवरच का संपती?’’

हा प्रश्न सोपा नाही. पोरीने नेमके सांध्यावर बोट ठेवले होते. पुस्तकातली वर्तुळे पाहून अणू म्हणजे सूर्य आणि ग्रह असे चित्र मनात बसते, आणि त्या चित्रात या प्रश्नाला उत्तर नाही. सूत्राने कवचे भरतात २, ८, १८, ३२. सारणीच्या ओळी मात्र २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशा. प्रत्येक लांबी दोनदा, पहिली सोडून.

उत्तर तिच्याच घरात होते. मी विचारले, ‘‘स्लीपरच्या एका कप्प्यात बर्थ किती?’’ टीसीची मुलगी. तिला विचार करावा लागला नाही. ‘‘आठ. एक ते सहा समोरासमोर, सात-आठ साइडचे.’’

म्हणजे सहा आणि दोन. अणूतही कवच ही एक सलग खोली नसते. तिला पोटकप्पे असतात. पहिला पोटकप्पा दोन जागांचा, दुसरा सहाचा, तिसरा दहाचा, चौथा चौदाचा. शास्त्रात त्यांना एस, पी, डी, एफ अशी रुक्ष नावे आहेत. पहिल्या कवचात फक्त दोनाचा कप्पा. दुसऱ्यात दोन आणि सहा. हा आपला स्लीपरचा कप्पा. फरक इतकाच, की प्रवासी साइड बर्थला नाक मुरडतात, इलेक्ट्रॉन आधी तिथेच बसतात. मग मोठ्या बाजूचे सहा: लोअर, मिडल, अपर अशा तीन जोड्या. तिघे आले तर तिघे तीन वेगवेगळ्या जोड्यांत एकेकटे बसतात. चौथा आला की कोणाच्या तरी समोर बसणे भाग. नायट्रोजनचे तिघे असे सुटे सुटे आहेत, आणि ऑक्सिजनच्या चौथ्याला जोडीदार पत्करावा लागला आहे. म्हणूनच ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला नायट्रोजनपेक्षा किंचित कमी जोर लागतो. आणि एका नंबरावर दोन प्रवासी कधीही नाहीत. हा नियम पाउली यांनी १९२५ साली सांगितला. आरएसी तिथे चालत नाही.

आता तिसरे कवच. त्यात दोन, सहा आणि दहा. पण दोन आणि सहा भरले, आर्गॉन झाले, की एकोणिसाव्यासमोर प्रश्न येतो: याच कवचाचा दहाचा कप्पा उघडायचा, की चौथ्या कवचाच्या दोनाच्या कप्प्यात जायचे? कमी ऊर्जेत जे पडेल ते निसर्ग करतो, आणि त्या टप्प्यावर चौथ्याचा दोनाचा कप्पा स्वस्त पडतो. म्हणून एकोणिसावे पोटॅशियम नव्या ओळीत जाते. हे कळले कसे? पोटॅशियमच्या वागण्यावरून. ते सोडियमसारखेच पाण्यावर पेट घेते, किंबहुना जास्तच. बाहेर एकटा इलेक्ट्रॉन असल्याशिवाय असे कोणी वागत नाही. कॅल्शियमपाशी ते दोन भरले की मागे राहिलेला दहाचा कप्पा उघडतो. तेच स्कँडियमपासून जस्तापर्यंतचे दहा: लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबे. भरती आत चालू, बाहेर जवळजवळ तेच; म्हणून हे धातू भावंडांसारखे दिसतात. शेवटी सहा. दोन, दहा, सहा: अठरा. त्यापुढे चौदाचाही कप्पा लागतो तेव्हा ओळ बत्तिसाची होते. कागद तेवढा रुंद नसतो म्हणून छापणारे ते चौदा-चौदा डबे सोडवून खाली सायडिंगला लावून ठेवतात. त्या दोन पट्ट्या परिशिष्ट नव्हेत.

मी तिला सात ओळींची बेरीज करायला सांगितली. दोन, आठ, आठ, अठरा, अठरा, बत्तीस, बत्तीस. तिने बोटांवर केली. एकशे अठरा. २०१६ साली शेवटच्या चार घरांना नावे मिळाली आणि सातवी ओळ पुरी झाली. दिवसाअखेरीस कॅश जुळल्यावर जे समाधान होते, ते तिच्या चेहऱ्यावर मी पाहिले.

बर्थची उपमा फार ताणू नये. इलेक्ट्रॉन कुठे बसलेला नसतो. तो अमुक ठिकाणी असण्याची शक्यता तेवढी सांगता येते, धुक्यासारखी. तेही मी तिला सांगितले. ‘‘मग वर्तुळं खोटी?’’ ‘‘वर्तुळंही खोटी आणि बर्थही खोटे. पण बर्थांचा हिशोब खरा निघतो.’’

एक कोडे मेंडेलीव्हलाही सुटले नव्हते. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड. वजनाच्या क्रमाने लावले तर आयोडीन चुकीच्या रकान्यात पडते. त्याने वजन बाजूला ठेवले, स्वभाव धरला आणि दोघांची अदलाबदल केली. तो बरोबर होता हे सिद्ध केले हेन्री मोझलीने, १९१३-१४ साली, क्ष-किरणांच्या साहाय्याने. क्रम वजनाचा नाही, केंद्रातल्या धन भाराचा: अणुक्रमांक. त्या क्रमांकांत ४३, ६१, ७२ आणि ७५ रिकामे आहेत हेही त्याने दाखवले. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय सत्तावीस.

शेवटच्या, अठराव्या रकान्याशी आपल्या कोकणाचे नाते सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर असा गेला. सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, तीच हेलियमची. लॉकियर साहेबाने ती विजयदुर्गावरून पाहिली असे तिथे सांगतात. किल्ल्यावर साहेबाचे कट्टेही दाखवतात. नोंदी मात्र म्हणतात, की ग्रहण पाहणारा जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियरने ती रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातूनच पाहिली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडले. एक वर्ष आधी आर्गॉन सापडला होता, नंतर निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन आले. ही अख्खी जमात मेंडेलीव्हच्या सारणीत नव्हती. पण सारणी मोडली नाही, कडेला एक रकाना वाढला. हेलियमला दोनच इलेक्ट्रॉन, तरी तो दुसऱ्या रकान्यात न बसता इथे बसतो, कारण त्याचे कवच दोनातच भरले. भरलेले, पूर्ण, कोणाकडे काही न मागणारे. गावाच्या नावावर कोटी करण्याचा मोह मी आवरतो.

हे सगळे दहावीत कळून काय उपयोग, असे विचारणारे भेटतात. मी त्यांना खताच्या पोत्यापाशी नेतो. पीककर्जाच्या दिवसांत बँकेत येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला १०:२६:२६ म्हणजे काय ते ठाऊक असते: नत्र, स्फुरद, पालाश. नत्र आणि स्फुरद, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, एकाच पंधराव्या रकान्यात वर-खाली आहेत. दोघांना बाहेर पाच. आणि स्फुरदाच्या लगेच खाली कोण? सोमल. आर्सेनिक. बाहेर तेच पाच. शरीरातल्या पेशी स्फुरदाच्या क्षाराला आत घेण्यासाठी जी दारे उघडतात, त्यांतून सोमलाचा क्षारही शिरतो, कारण दाराला तो ओळखता येत नाही. तो स्फुरदाची जागा अडवतो आणि पेशीचे ऊर्जेचे काम बिघडते. बंगालमधल्या विहिरींच्या पाण्याने अशी कित्येक माणसे खंगली. दुसऱ्या रकान्यात कॅल्शियमच्या खूप खाली रेडियम आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळांच्या तबकडीवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी अणकुचीदार करत. शरीराने रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत ठेवले. जबडे झिजले, मुली गेल्या. ते विष शरीरात कुठे जाऊन बसेल, हे सारणीच्या त्या रकान्यात लिहिलेले होते.

परवा ती पुन्हा आली. आता तिला पाठांतराची चिंता नाही. उलट तक्ता समोर धरून ती मलाच कोंडीत पकडते. अकरावा रकाना: तांबे, चांदी, सोने. ‘‘बाहेर तिघांना एकच. मग चांदीच्या खाली असून सोनं पांढरं का न्हाई?’’

मी सांगितले ते असे: सोन्याच्या केंद्रात एकोणऐंशी प्रोटॉन. त्यांची ओढ इतकी, की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतात. तिथे आइन्स्टाइनचे नियम लागू होतात. कप्प्यांमधली अंतरे बदलतात, सोने निळा प्रकाश शोषून घेते, आणि उरतो तो पिवळा. चांदीच्या बाबतीत हा परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका होत नाही.

तिने ऐकून घेतले. मग विचारले, ‘‘हे कितवीत हाय?’’

‘‘एम.एस्सी.ला.’’

तिने ते वहीच्या समासात लिहून घेतले.